पुस्तक उघडं ठेवून भांडा

अवघड कादंबरी चारचौघांत वाचावी का, यावर वाद पेटला की दोन्ही बाजू ठरलेल्या असतात आणि दोन्ही बाजूंची वाक्यंही. पहिली बाजू म्हणते, साहित्य ही एकट्यानं अनुभवायची गोष्ट. दहाजण जमले की कादंबरी राहते बाजूला आणि जो तो आपलं शहाणपण पाजळतो. दुसरी म्हणते, छे, एकत्र वाचल्यानं वाचनाची सवय टिकते, माणसं जोडली जातात, आणि एरवी कपाटातच राहिली असती ती जाडजूड कादंबरी एकदाची हातावेगळी होते. ऐकणाऱ्याला वाटावं, वाद कादंबरीचा चाललाय. खरं तर पहिली बाजू आपल्या तंद्रीची राखण करत असते आणि दुसरी संध्याकाळ बरी जाण्याची सोय बघत असते. पुस्तक अवघड का आहे आणि त्या अवघडपणाचं चारचौघांत नेमकं काय होतं, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अवघड कादंबरी गटात जरूर वाचावी, पण ती सोपी व्हावी म्हणून वाचू नये. आपला पहिला समज आपल्याला फुकटात पचू नये, यासाठी वाचावी. एकटा वाचक स्वतःला फार लवकर माफ करतो. कळलं नाही ते परिच्छेद तो 'वातावरणनिर्मिती' म्हणून ओलांडतो, दोन पात्रांची गल्लत झाली तर पुढे कधीतरी उलगडेल म्हणून सोडून देतो, आणि शेवटचं पान उलटल्यावर त्याच्या हातात जी कादंबरी उरते ती निम्मी लेखकाची आणि निम्मी त्याच्या सोयीची असते. गटात कोणीतरी शांतपणे विचारतं, 'हे कुठे लिहिलंय?' या एका प्रश्नासाठी गट हवा. जिथे हा प्रश्न विचारला जात नाही, पुस्तक पिशवीत आणि चर्चा रंगात, तिथे विरोधकांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे आणि त्या गटानं सरळ गप्पा माराव्यात. गप्पा वाईट नसतात. त्यांना वाचन म्हणू नये, इतकंच.

समर्थकांचं मला जास्त वैतागवाणं वाटतं, कारण ते बरोबर बाजूनं चुकीचं बोलतात. 'गटामुळे पुस्तक पूर्ण होतं' हा त्यांचा हुकमाचा पत्ता. पूर्ण होणं ही कादंबरीची कसोटी कधीपासून झाली? जेम्स जॉइसची 'फिनेगन्स वेक' ही १९३९ सालची कादंबरी घ्या. तिचं शेवटचं अर्धवट वाक्य पहिल्या पानावरच्या अर्धवट सुरुवातीला जाऊन जुळतं; म्हणजे पूर्ण करण्याची सोय लेखकानंच काढून घेतलेली. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये एका गटानं १९९५ साली ती वाचायला घेतली. महिन्याला एखाद-दोन पानं. २०२३च्या ऑक्टोबरात, म्हणजे २८ वर्षांनी, ते अखेरच्या पानावर पोहोचले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. ही बातमी आली तेव्हा बहुतेकांनी ती गंमत म्हणून वाचली. मलाही तो वेग जरा अतीच वाटतो. पण 'पूर्ण करण्यासाठी गट' हे समीकरण त्या माणसांनी पार निकालात काढलं आहे. पूर्ण करायचं असतं तर यापेक्षा कुठलाही मार्ग जलद होता.

आता 'अवघड' म्हणजे काय, हे एकदा फोडून बघू, कारण या शब्दाच्या आडोशाला बरंच काही लपतं. एक अवघडपणा माहितीचा असतो: संदर्भ, इतिहास, दंतकथा, परक्या शहरातल्या रस्त्यांची नावं. त्यासाठी गटाची गरज नाही; टिपा असलेली आवृत्ती पुरते. दुसरा अवघडपणा रचनेतला असतो. लेखकानं वाचकाला मुद्दाम अशा जागी उभं केलेलं असतं, की समोर सगळं दिसतं पण दिशा कळत नाही. विल्यम फॉकनरच्या 'द साउंड अँड द फ्युरी' या १९२९च्या कादंबरीचा पहिला भाग असा आहे. डोक्यावर तारीख आहे, ७ एप्रिल १९२८. सांगतोय बेंजी, त्या दिवशी ३३ वर्षांचा झालेला, पण बुद्धीनं लहान मूल राहिलेला. त्याला 'तेव्हा' आणि 'आता' हा भेदच नाही. कुंपणाच्या खिळ्याला कपडा अडकतो आणि तो कित्येक वर्षं मागे जातो. परत येतो तेव्हा कोणी सांगत नाही की आलो. क्वेंटिन नावाचं माणूस एका पानावर 'तो' असतं आणि दुसऱ्या पानावर 'ती', कारण घरात या नावाची दोन माणसं आहेत: बेंजीचा भाऊ आणि बेंजीच्या बहिणीची मुलगी. हे कादंबरी आपल्याला हाताला धरून सांगत नाही.

मी बसत असे त्या गटात हा भाग वाचला जात होता तेव्हाची गोष्ट. दोघातिघांनी कुटुंबाची वंशावळ कागदावर मांडून आणली होती आणि त्या वंशावळी एकमेकींशी जुळत नव्हत्या. एकानं क्वेंटिन एकच धरला होता आणि 'ती' आली तिथे छपाईची चूक समजून पुढे गेला होता. दुसऱ्यानं दोन धरले होते, पण थोरला कोण ते उलटं. तासभर नुसती ओढाताण. मग एक बाई, ज्या तोवर फारसं बोलल्या नव्हत्या, म्हणाल्या, 'मी वेळेचा विचारच सोडून दिला. बेंजीला कोण सांभाळतंय तेवढंच बघत गेले.' त्यांनी समासात पेन्सिलीनं नावं लिहिली होती. व्हर्श असेल तर बेंजी लहान आहे, टी. पी. असेल तर वयात येतोय, लस्टर असेल तर १९२८ साल. सगळ्यांनी पानं मागे उलटली आणि पुढचा बराच वेळ खोलीत कागदाचाच आवाज होता. ही खूण अनेक अभ्यासकांनी कधीच नोंदवून ठेवलेली आहे. ती आम्ही शोधली असं कोणी म्हणणार नाही. पण एखाद्या मार्गदर्शक पुस्तकात ती वाचली असती तर ती एक किल्ली ठरली असती, कुलूप उघडून खिशात टाकण्यापुरती. तिथे तिच्याबरोबर आणखी काहीतरी आलं. बेंजीचं जग तारखांनी विभागलेलंच नाही, आपल्याला आज कोण सांभाळतंय यानंच ते विभागलेलं आहे, आणि आपण मघापासून त्याच्यावर पंचांग लादत होतो, हे त्या भांडणातून कळलं. आधी वंशावळींवरून वाद झाला नसता तर त्या समासातल्या नावांचं वजन कोणाला जाणवलं असतं?

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा एकांताचा. तो मला पूर्ण मान्य आहे आणि तो हसण्यावारी नेणाऱ्यांनी कधी नीट वाचलं असेल का, अशी शंका येते. काही वाक्यं अशी असतात की ती वाचताना दुसऱ्या माणसाचा श्वाससुद्धा नकोसा वाटतो. मार्सेल प्रूस्तनं १९०५ साली वाचनावर एक निबंध लिहिला. इंग्रज लेखक रस्किननं वाचनाला थोरामोठ्यांशी केलेल्या संभाषणाची उपमा दिली होती, ती प्रूस्तला पटली नाही. संभाषणात आपण दुसऱ्याच्या हजेरीत असतो आणि त्यानं मनाची ताकद विखुरते. वाचनाचं नवल असं की एकटेपण न मोडता दुसऱ्याचा विचार आपल्यापर्यंत येतो, असं त्याचं प्रतिपादन. एकांतवाद्यांना याहून मोठा साक्षीदार मिळणार नाही. पण साक्षीदाराची उलटतपासणीही करावी लागते. त्याच निबंधात प्रूस्त असंही बजावतो की वाचन आपल्याला आंतरिक जीवनाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडतं. ते स्वतः ते जीवन नव्हे. लेखकाचं शहाणपण जिथे संपतं तिथे आपलं सुरू व्हायला हवं. मग उंबरठ्याच्या आतलं कामही एकट्यानंच केलं पाहिजे, हा नियम कुठून आला? प्रूस्तनं एकांताची बाजू घेतली ती वाचण्याच्या क्षणासाठी. वाचून झाल्यावर आयुष्यभर तोंड मिटून बसावं, असं त्यानं सुचवलेलं नाही, आणि तो स्वतः तर मुळीच बसला नाही.

एकांतातलं मूकवाचन हीच वाचनाची मूळ, शुद्ध अवस्था असते, हाही इतिहास फार सफाईनं रंगवलेला आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस ऑगस्टीननं आपल्या आत्मकथनात नोंद केली, की मिलानचा बिशप अँब्रोज वाचताना डोळे पानांवरून फिरत, पण आवाज आणि जीभ स्तब्ध असत. तेव्हा कोणी मनात वाचतच नव्हतं असं यावरून सिद्ध होत नाही. तसं सांगणारे उत्साहाच्या भरात सांगतात. पण एका विद्वानाला दुसऱ्या विद्वानाचं मूकवाचन नोंद करण्याजोगं वाटलं, एवढं नक्की. कादंबरीच्या काळात आलं तरी दोस्तोव्हस्कीची 'ब्रदर्स कारामाझव्ह' १८७९-८० मध्ये नियतकालिकातून जवळजवळ दोन वर्षं क्रमशः येत होती. बापाचा खून नक्की कोणी केला, हे कळण्याआधी महिनेच्या महिने वाट बघायची. त्या वाचकांनी मधल्या काळात एकमेकांशी वाद घातले नसतील, हे कोण मान्य करेल? एका बैठकीत, एका माणसानं, बंद खोलीत संपवायची वस्तू म्हणून त्या काळातल्या पुष्कळ थोर कादंबऱ्या वाचकांच्या हाती पहिल्यांदा आल्याच नव्हत्या.

दुसरा आक्षेप मला एकांतापेक्षा जास्त बोचरा वाटतो: गटात माणूस स्वतःचं मत सोडून देतो. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कार्डावरच्या रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याएवढी लांब, एवढंच सांगायचं. खोलीतले बाकीचे सगळे आधीच सामील असलेले आणि ठरवून चुकीचं उत्तर देणारे. डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही, अशा फेऱ्यांमधली एक-तृतीयांशाच्या आसपास उत्तरं बहुमताच्या बाजूला झुकली. रेघेच्या लांबीबद्दल ही गत, तर कादंबरीतल्या निवेदकावर विश्वास ठेवायचा की नाही, याबद्दल काय होत असेल! मी असे गट पाहिले आहेत जिथे पहिल्या पाच मिनिटांत 'ही व्यक्तिरेखा शोषित आहे' असं कोणीतरी ठासून सांगतं आणि उरलेला दीड तास बाकीचे त्या वाक्याला पुरावे पुरवत बसतात.

पण अॅशच्याच प्रयोगात पुढचा भाग आहे, जो आक्षेप घेणारे सांगत नाहीत. खोलीतला एक जरी माणूस बहुमताविरुद्ध बोलला, तर झुकणाऱ्यांचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. म्हणजे दोष माणसं जमण्यात नाही, एकमत होण्यात आहे. आणि कादंबरीच्या गटाकडे एक असा सदस्य कायम हजर असतो जो बहुमताला भीक घालत नाही. ते म्हणजे छापलेलं पान. फक्त त्याला बोलू दिलं पाहिजे.

शिवाय, एकटा वाचक या दबावातून सुटतो, हे कोणी सांगितलं? समीक्षक आय. ए. रिचर्ड्सनं केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि सवडीनं वाचून मतं लिहून आणायला सांगितली. १९२९ साली त्यातल्या १३ कविता आणि त्यांवरचे अभिप्राय त्यानं पुस्तकरूपानं मांडले. शिकलेसवरलेले वाचक, हाताशी वेळ, कोणाचा दबाव नाही, आदर्श एकांत. निष्पन्न काय झालं? कित्येकांना ओळींचा साधा सरळ अर्थही लागला नव्हता, आणि ज्यांनी ठामपणे लिहिलं त्यांच्यापैकी बरेचजण कवितेला उत्तर देतच नव्हते. डोक्यात आधीपासून तयार असलेली साचेबंद प्रतिक्रिया कवितेवर चिकटवत होते. कविता आणि कादंबरी यांत फरक आहे हे खरं, पण कादंबरी तर शेकडो पानांची. चिकटवायला जागा जास्तच. घर, शाळा, वर्तमानपत्र, काल कोणीतरी दिलेला ताजा अभिप्राय, हे सगळे बंद खोलीतही आपल्याबरोबर वाचत असतात. फरक इतकाच, की खोलीत ते दिसत नाहीत. गटात समोरची व्यक्ती वेगळ्या घरातून, वेगळ्या शाळेतून आलेली असते, आणि तिला वाक्य वेगळं दिसलं की आपल्या डोक्यातली ही गर्दी पहिल्यांदा उघडी पडते.

आता खरा धोका. तो बहुमताचा नाही, जाणकाराचा आहे, आणि यावर दोन्ही बाजू चिडीचूप असतात. अवघड कादंबरीच्या गटात सहसा एकजण असा असतोच, ज्यानं ती आधी वाचलेली असते, तिच्यावरचं वाचलेलं असतं, आणि ज्याला इतरांची अडचण बघवत नाही. तो भला माणूस असतो. भल्या मनानं तो सगळ्याचा विचका करतो. चौथ्या पानावरच्या गोंधळावर तो दोनशेव्या पानावरचं उत्तर देतो. लेखकानं दोनशे पानं जी अनिश्चितता राखली, ती याच्या एका वाक्यात संपते. जॉइसच्या 'युलिसीस'चंच बघा. १९२२ साली पॅरिसमध्ये कादंबरी निघाली आणि १९३० साली स्टुअर्ट गिल्बर्टचं मार्गदर्शक पुस्तक आलं, तेही जॉइसच्या मदतीनं. कोणतं प्रकरण ग्रीक महाकवी होमरच्या 'ओडिसी'तल्या कोणत्या प्रसंगाशी जुळतं, हे सगळं त्यात आहे. उपयोगी आहे, नाकारत नाही. पण तो तक्ता हातात धरून वाचणारे गट बघा: प्रत्येक प्रकरणात ते फक्त जुळणी तपासतात. दुपारी उपाशीपोटी शहरातून फिरणाऱ्या माणसाला बायकोच्या बाबतीत काय कळून चुकलंय आणि तो ते स्वतःपासून कसं टाळतोय, हे त्यांच्या नजरेतून निसटतं. तक्ता खरा ठरला, यातच समाधान!

अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसनच्या नावावर एक किस्सा सांगितला जातो, आणि सांगणारी खुद्द दूरचित्रवाणीवर वाचनमंडळ चालवणारी ओप्रा विन्फ्रे आहे. तिनं मॉरिसनला विचारलं, लोक तुम्हाला सांगतात का, की शब्दांवरून पुन्हा पुन्हा जावं लागतं? मॉरिसनचं उत्तर, यालाच वाचन म्हणतात. जाणकारानं इतरांना नेमकं याच पुन्हा-पुन्हापासून वाचवू नये. त्याचं काम असेलच तर ते मागे नेण्याचं आहे: तुम्ही म्हणता तसं आहे तर मग बाराव्या पानावरचं ते वाक्य कुठे बसतं? उत्तर माहीत असूनही प्रश्न विचारता येणं ही फार कमी विद्वानांकडे असलेली कला आहे. ती नसेल तर अशा माणसाला शेवटी बोलायला सांगावं. त्याला राग येईल. येऊ द्यावा.

हे सगळं रिकामटेकड्यांचे चोचले आहेत, असाही एक टोमणा असतो. त्याचं उत्तर क्यूबातल्या सिगार कारखान्यांनी १८६५ सालीच देऊन ठेवलं आहे. कामगार तंबाखूची पानं वळत बसलेले, समोर उंच बैठकीवर एकजण मोठ्यानं वाचतोय. वर्तमानपत्रं, आणि मग कादंबऱ्या. वाचणाऱ्याचा मेहनताना कामगार आपल्या पगारातून गोळा करत. ऐकणाऱ्यांतल्या पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. वसाहतीच्या सरकारनं दुसऱ्याच वर्षी या वाचनावर बंदी घातली, आणि अमेरिकेतल्या टँपामध्ये हीच परंपरा १९३१ साली कारखानदारांनी बंद पाडली. निरुपद्रवी विरंगुळ्यावर कोणी बंदी घालतं का? एकत्र ऐकलेल्या गोष्टीवर माणसं एकत्र विचार करतात, हे समर्थकांच्या आधी मालकांना कळलं होतं.

उच्चभ्रू आक्षेपाची तऱ्हा याच्या उलट. २००१ साली जोनाथन फ्रँझनची कादंबरी विन्फ्रेच्या वाचनमंडळासाठी निवडली गेली, आणि त्यानं त्या निवडीबद्दल जाहीरपणे अवघडलेपण दाखवलं. निमंत्रण मागे घेतलं गेलं. दूरचित्रवाणीवर जमलेला वाचकवर्ग 'गंभीर' साहित्याला मानवत नाही, असा त्या वादातला अनेकांचा सूर होता. त्याच मंडळानं २००५च्या उन्हाळ्यात फॉकनरच्या तीन कादंबऱ्या निवडल्या, आणि त्यात बेंजीही होता. सगळ्यांनी त्या शेवटपर्यंत वाचल्या असतील असं मी म्हणणार नाही. पण अर्ध्यात ठेवणाऱ्यांमध्ये साहित्याचे पदवीधर काय कमी असतात?

राहता राहिला एक प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. भांडण मिटलं नाही तर? हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' या १८९८च्या लघुकादंबरीवर जुना वाद आहे: भुतं खरी, की मुलांना सांभाळणाऱ्या त्या तरुणीच्या मनाचे खेळ? १९३४ साली एडमंड विल्सननं दुसरी बाजू जोरात मांडली. तिच्या आड एक हट्टी तपशील येतो: तरुणीनं ज्या माणसाला कधी पाहिलेलंच नाही, त्याचं ती असं वर्णन करते की घरातली जुनी बाई त्याला तात्काळ ओळखते. गटाला अशा ठिकाणी मतदान घ्यायची सुरसुरी येते, किंवा 'दोन्ही अर्थ आपापल्या जागी बरोबर' म्हणून चहा मागवायची. दोन्ही पळवाटा आहेत. भुतं खरी मानणाऱ्यानं तरुणीच्या उतावळेपणाच्या जागा समजावून सांगाव्यात, न मानणाऱ्यानं ते वर्णन समजावून सांगावं, आणि जमत नसेल तर जमत नाही असं म्हणून ठेवावं. सगळीच मतं सारखी नसतात. ज्याला जास्त पानं सांभाळता येतात ते मत वरचढ. यातून निकाल लागेलच असं नाही, पण कोण कुठे अडलंय हे तरी नावानिशी कळतं.

आणि असं वाचल्यावर एखादा गट जर म्हणाला, की ही कादंबरी उगाचच अवघड आहे, लेखकाकडे सांगण्यासारखं थोडं होतं आणि त्यानं ते गुंडाळून ठेवलं, तर तोही निकाल मी मान्य करेन. अशा कादंबऱ्या आहेत, थोर म्हणून मिरवणाऱ्यांतही आहेत. एकट्या वाचकाला हे म्हणायचं धाडस होत नाही. त्याला वाटतं कमतरता आपलीच. सात-आठजणांनी तेच पान तीनदा वाचून, वेगवेगळ्या बाजूंनी खणून, हाती काही लागलं नाही असं पानाच्या आकड्यासकट सांगितलं, तर पुढचं स्पष्टीकरण द्यायची पाळी कादंबरीच्या भक्तांची.